मेलेल्या फोनने दिलेला दाखला

संघर्ष,

जुना फोन बदलून न्यायला दुकानाचा माणूस येईल. त्याला चहा दे. फोन मी बरोबर नेलाय.

काल कंपनीने जुन्या मॉडेलांसाठीही अपडेट पाठवलं आणि तुझ्या लेकीने, तेजलने ते चढवलं. "तुमचा फोन चालणार नाही" म्हणून मला हाकलणारं पेन्शनचं ॲप मुकाट्याने उघडलं. मी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावले आणि हयातीचा दाखला मंजूर! नाहीतर पेन्शन थांबलीच होती.

"बाबा, मेलाय तो," असं तू ज्याला म्हणालास, त्यानेच मी जिवंत असल्याचं सरकारला पटवलं. नवा फोन तूच वापर.

सायखेड्याला निघालोय. माझ्यासारख्याच पेन्शनवाल्या कोंडाजीकडेही हाच जुना फोन आहे, आणि त्याचा मुलगाही आज तो बदलून नवा आणतोय. त्याच्या आधी पोचायला हवं.

बाबा