वरच्या बिऱ्हाडाचा जिना

देगू, ८ ऑक्टोबर

मि-रान,

बरी असशील. माझा गुडघा आहे तसाच आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

घराचा वरचा मजला मी वेगळा करून घेतला. भाड्याने द्यायला, कायदेशीर. हा शब्द पुन्हा कुणी माझ्यासमोर काढला तर झाडू घेऊन मागे लागेन. आपल्या गल्लीत सगळे गुपचूप पार्टिशन घालतात, एक गॅस ठेवतात आणि भाडेकरू आणतात. दलाल थाक मलाही तेच सांगत होता. पण उद्या कुणी तक्रार केली की पालिकेचे लोक येऊन राहणाऱ्याचा संसार रस्त्यावर काढणार. ते मला नको होतं.

म्हणून रीतसर अर्ज केला. तर बिऱ्हाड वाढलं की अंगणात एका गाडीची जागाही वाढवावी लागते म्हणे. आपल्याकडे सायकलसुद्धा नाही. तिथला अधिकारी शांतपणे म्हणाला, "मावशी, गाडी नसली तरी चालेल. जागा हवी."

घेतले पांढरे पट्टे मारून. आणि जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून आईचे सोया सॉसचे रांजण परत तिथेच मांडले. तपासणीला आलेल्या बाईंनी रांजण पाहिले आणि मंजुरी न देताच निघून गेल्या. आता रांजण गच्चीवर आहेत. एकेक चढवताना मी तुझ्या नावाने बोटं मोडली, का ते विचारू नकोस. मंजुरी मिळाली, आणि पट्ट्यांच्या आत शेजारीण मिरच्या वाळवते.

जिन्यावरून वेगळाच तमाशा. बांधणारा म्हणे, आतलाच ठेवा, निम्म्यात काम होईल. मी म्हटलं, बाहेरूनच हवा. वर जाणाऱ्याला माझ्या दारावरून जावं लागता कामा नये. त्याला वाटलं, म्हातारी भाडेकरूंना घाबरते.

थाकने आणलेली माणसंही मी परत पाठवली. एक जोडपं फार हसायचं, एका मास्तरांना खोकला होता. शेवटी तो वैतागला. "ताई, तुम्हाला नक्की भाडेकरू हवाय का?" मी त्याला जेवायला वाढलं.

घटस्फोटानंतर तू इथे राहिलीस, तेव्हा उशिरा आलीस की मी विचारायचे, कुठे होतीस. तू म्हणालीस, दुसऱ्याच्या दारातून आत येऊन रोज जबाब देण्यापेक्षा सोलमधल्या कोंदट खोलीत कुजेन. आणि गेलीस. मला राग आला होता. अजून आहे. पण एकटीला मला जेवण जात नाही, हेही खरं.

तर ऐक. वर स्वयंपाकघर वेगळं, विजेचा मीटर वेगळा, दारावर पालिकेचा नंबरही वेगळा. फुकट तू राहणार नाहीस, माहीत आहे. भाडं घेईन, पावती देईन. दोन्ही किल्ल्या सोबत पाठवते आहे. तिसरी मी करून घेतलेली नाही.

उशिरा आलीस तर जिन्यावर पावलं ऐकू येतील, त्याला माझा इलाज नाही. विचारणार मात्र नाही.

तुझी खालच्या मजल्यावरची शेजारीण,
ताई