सिग्नलपलीकडच्या वस्तीतली पहिली सही

मी, हनुमंत सखाराम दरंदले, वय ७८, रेल्वेचा निवृत्त मुकादम, राहणार गँगवस्ती, नगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. दया साळवे यांनी तपासून दिला आहे. तो मी दोनदा वाचून घेतला. शेजारी बसून कोणी सांगत नाही, दाराला आतून कडी आहे.

१. घर. १९७९ साली रुळांची देखभाल करणाऱ्या आम्ही सोळा गँगमननी आउटर सिग्नलपलीकडचा माळ मिळून विकत घेतला. तेव्हा नगरचा रिक्षावाला इकडे यायला तयार नसे. आता तिन्ही बाजूंनी बारा मजली इमारती आहेत आणि त्यांतल्या लोकांना आमच्या कोंबड्यांचा त्रास होतो. ड्रोन उडवून कोणीतरी आमचे पत्रे मोजतं, हे मी पाहिलं आहे. माझ्या दोन खोल्या मुलगा सुनील याला द्याव्यात. का, ते कलम ४ मध्ये.

२. रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकायचा लांब दांड्याचा हातोडा माझ्या गँगमधल्या गहिनीनाथ भवारला. हा हातोडा रेल्वेचा नाही, मी स्वतः करवून घेतला होता. चौकशी झाली तर हे कलम दाखवावं.

३. लोखंडी कपाट सून रुपालीला. उघडताना शेजारचे दोघे हजर असावेत. रुपाली सरळ आहे, तरी असावेत.

४. मागच्या वर्षी इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस लाल कापडी बांधणीची वही घेऊन आला. नळांची पाहणी आहे म्हणाला. वही थेट आमच्या हजेरीच्या वहीसारखी होती. गँगमध्ये आधी मुकादमाने सही करायची, मग खाली बाकीच्यांनी. सदतीस वर्षांत ती वही कोणी वाचली नाही. त्याच सवयीने या वहीतही पहिली सही मी केली आणि खाली वस्तीने. नॅथन गँगमनच्या विधवेने, रूथबाईने, तेवढं विचारलं, "मुकादम, वाचलंय नव्हं?" मी म्हणालो, "वाचलंय. कर सही."

मी वाचलं नव्हतं. वस्ती बिल्डरला देण्याची ती संमती होती.

हे कळल्यावर वस्ती कोर्टात गेली. तिथे बिल्डरचा वकील म्हणाला, मुकादमांनी सगळ्यांना वाचून समजावलं होतं. मी गप्प बसलो. वस्तीत मात्र सांगितलं की पानं मागाहून बदलली, आणि बदलणारा आमचा सुनीलच, कारण तो त्याच बिल्डरकडे सुपरवायझर आहे. सुनील बायकोला घेऊन निघून गेला, त्याला अकरा महिने झाले. पानं कोणी बदलली नाहीत. मी खोटं बोललो आणि मला त्याची लाज वाटते.

५. हा कागद पाकिटात बंद करून डॉक्टरबाईंकडे ठेवावा व माझ्यामागे उघडावा, असं इथे लिहिलं होतं. ते मी खोडलं आहे. साक्षीदारांनी शब्दन् शब्द वाचूनच सही करायची, ही माझी अट. त्यासाठी कडी काढून दोघांना आत घेतलं. गहिनीनाथने बोट ठेवून अर्धा तास वाचलं. मग म्हणाला, "मुकादम, तुमी गेल्यावर हे कळून आमाला काय उपेग? तारीख सोमवारी हाय."

आधी वाटलं, यालाही कोणीतरी पढवून पाठवलंय. पण त्या लाल वहीत माझ्या लगेच खाली त्याचीच सही आहे.

म्हणून सोमवारी कोर्टात कलम ४ मी स्वतः वाचणार आहे. सुनीलला आत्ताच फोन लावला. "आता काय चोरलं मी?" म्हणाला. त्याला म्हणालो, सोमवारी अकराला ये, सगळ्या वस्तीसमोर ऐक.

खोडाखोड एकच आहे, ती माझी आहे.

नगर, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५
(सही) हनुमंत सखाराम दरंदले

साक्षीदार :
१. डॉ. दया साळवे
२. गहिनीनाथ भवार. आधी वाचलं, मग सही केली.