रोह्याचा थांबा

१४ जानेवारी
थांबली! नवी फास्ट गाडी आज रोह्याला थांबली. पेणला नाही, आपल्याला मिळाला थांबा! दोन वर्षं अर्ज, मोर्चे, स्टेशनबाहेर उन्हात बसणं — सगळ्यात पुढे मीच. इंजिनाला हारही मीच घातला. पनवेलकडची माणसं आता इकडे येतील, बाजार वाढेल, माझ्या शिलाईच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळेल. बघतीलच सगळे!

२ फेब्रुवारी
कोणी आलं नाही. उलट आपलेच निघालेत! पोपटशेठकडचे ब्लाऊज कायम माझ्याकडे. यंदा घरात लग्न, आणि अख्खं घर सकाळच्या गाडीनं पनवेलला. संध्याकाळी पिशव्या घेऊन परत. शेजारचा भांडेवाला निकेश म्हणाला, "काकी, गाडी तुम्हीच आणलीत ना?" खरंच आहे, म्हणून जास्त झोंबलं.

८ फेब्रुवारी
दिवसभरात एक फॉल-पिको. बस.

१९ फेब्रुवारी
निकेश दोघांना घेऊन आला. थांबा रद्द करा म्हणून अर्ज देऊ, पहिली सही तुमची. हाकलूनच दिलं! थांबा मागायला यातला एकही आला नव्हता. गाडीचं काय चुकलं? जाते तशी येतेही.

ते गेल्यावर अनिता मशीन थांबवून बसली. सहा वर्षं आहे माझ्याकडे, तिचं घर त्यावर चालतं. हळूच म्हणाली, "काकी, माझं काम जाणार नाय ना?" म्हटलं, दुकान बंद होणार नाही. म्हटलं खरं, पण रात्री गल्ला दोनदा मोजला.

२६ फेब्रुवारी
लेकीला, मनस्वीला, कटिंग मी शिकवलं. आज जेवताना म्हणते, "आई, पोपटशेठकडच्यांनी ब्लाऊज शिवून घेतले ना, पनवेलच्या त्या दुकानानं कामाला बोलावलंय. रोज जाऊन येईन. रागावू नको गो."

ज्यांनी माझं गिऱ्हाईक पळवलं, त्यांच्याकडेच! ताट सारलं. भांडी घासताना रडू आलं. मग वाटलं, तिनं तरी काय करायचं? गाडी नसती तर तिकडेच खोली घेऊन राहिली असती. पण म्हणून मी गपगुमान शटर ओढून घरी बसेन असं कोणाला वाटत असेल, तर वाटू दे!

३ मार्च
सकाळच्या गाडीनं मी नि मनस्वी पनवेलला. मनस्वी त्यांच्या दुकानात शिरली. बरोब्बर समोर, जिन्याखालची जागा मी भाड्यानं घेतलीय. पाटी लावली: 'मापं इथे, शिलाई रोह्यात.' दुपारी अनिताला फोन केला — मशीनला तेल घाल, कापडं घेऊन येतेय.