रोख आणि रोखा

तळोदा. मंगळवार, संध्याकाळ.

सरला आज माझ्यासोबत जेवली नाही. दवाखान्यात ती नर्स, मी एक्स-रे काढते. डबा रोज एकत्र.

सकाळी किराणा दुकानवाले शेठ आले होते. त्यांना मी म्हणाले, "काका, श्वास रोखा. हलू नका." त्यांच्यानंतर पहाडातले एक आदिवासी म्हातारे. "मामा, श्वास रोख. हलू नको." पहाडातून येणाऱ्या प्रत्येकाला इथे मामाच म्हणतात, आणि वर अरे-तुरे. सरलाही पहाडातलीच. ती दारात उभी होती.

"ते माझे बाबा आहेत," ती नंतर म्हणाली.

"अगं, आधी सांगायचं ना! मी नीट बोलले असते."

"म्हणजे नीट बोलता येतं तुला."

एवढंच बोलली. डबा उचलून वॉर्डात गेली.

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पोरी, मामा म्हनजे मानच शे ना! त्यामा काय वाईट?" कालपर्यंत मीही हेच म्हणाले असते. पण मग शेठना कोणी मामा का म्हणत नाही? मशीनचा आवाज जरासा बदलला तरी मला कळतो. रोख आणि रोखा. एका कान्याचा फरक इतके दिवस ऐकू आला नाही, की ऐकायचाच नव्हता?

पुढचं आईला सांगितलं नाही. दुपारी पहाडातलेच आणखी एक गृहस्थ आले. त्यांना मशीनसमोर उभं केलं आणि मी म्हणाले, "श्वास रोखा."

त्यांनी रोखला नाही. मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कोणाशी बोलतेय का ते.