जांभ्यातलं लोखंड

ती. सौ. चंपावहिनींस,

धाकटा दीर आत्माराम याचा मीरा रोडहून साष्टांग नमस्कार. गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? दादांचा खोकला कसा आहे? इकडे सगळे खुशाल. (शेजारी आमच्याशी बोलत नाहीत, पण तब्येतीने तेही खुशाल आहेत.)

झालं असं, की आमची नात सान्वी दहावीच्या वर्गात उभी राहून म्हणाली, आमच्या रत्नागिरीच्या जांभ्यात लोखंड असतं, मी ते काढून विज्ञान प्रदर्शनात दाखवते. वर्ग हसला. पोरगी घरी येऊन जेवली नाही, म्हणून मी, जन्मभर पोस्टात शिक्के मारलेला माणूस, लोखंड काढायला बसलो. गावाहून आणलेल्या जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा, तुम्ही सूनबाईला दिलेल्या लोखंडी खलबत्त्यात दोन दिवस कुटला. लोखंड म्हणे ऑक्सिजनला धरून बसलेलं असतं. कोळसा तापला की मध्ये पडून ऑक्सिजन ओढून नेतो आणि लोखंड मोकळं होतं. (आपल्याकडे याला काड्या घालणं म्हणतात.) गच्चीत शेगडी पेटवून ती पूड कोळशात घातली. भाता म्हणून समिधाचा, म्हणजे सूनबाईचा, केस वाळवायचा ड्रायर लावला. त्याचं नाक चौथ्या मिनिटाला वितळलं, आणि राख खालच्या हंसाबेनच्या पापडांवर बसली. "आत्मारामभाई, पापड सुखाने को रखा था, भूनने को नहीं," एवढंच त्या म्हणाल्या. राख निवल्यावर सान्वीने चुंबक फिरवला, तर खसखशीएवढे कण पटापट चिकटले. तिने मला मिठी मारली. वहिनी, पाच वर्षांत मारली नव्हती. मला फार बरं वाटलं.

दादांना नमस्कार सांगावा.

तुमचा,
आत्माराम

ता. क. : दुसऱ्या दिवशी खलबत्त्याचा तळ नव्यासारखा चकाकताना दिसला. शंका आली, म्हणून न भाजलेल्या उरल्या पुडीला चुंबक लावला. तेच कण. अख्ख्या दगडाला लावला, तर काही नाही. म्हणजे आम्ही काढलं ते तुमच्या खलबत्त्यातलं लोखंड. मी पूड कचऱ्यात टाकली आणि गप्प बसलो. ती मिठी परत करवेना.

ता. क. २ : प्रदर्शनाच्या सकाळी सान्वीनेही खल खरवडून चुंबक लावला, तर तेच कण. तक्त्यावर स्वतःच लिहिलं, 'लोखंड मिळालं, पण खलबत्त्याचं.' बक्षीस मिळालं नाही. बाई म्हणाल्या, पुन्हा कर, दगडी खलात. तुमचा कुणाबरोबर तरी पाठवा.

ता. क. ३ : घरी येऊन तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला आधी कळलं होतं?" मी नाही म्हणालो. फोनवर ती शेजारीच असते, म्हणून हे पत्र. रविवारी फोन करा. खरं मीच सांगेन तिला, फक्त तेवढा वेळ तुम्ही फोन ठेवू नका.