बंधाऱ्याचं पाणी आणि त्रिशलाचा साखरपुडा

कोल्हापूर,
चैत्र, १९९८

तीर्थरूप मामा यांस,

धनपालचा जय जिनेंद्र आणि पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडं आम्ही सगळे धड आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? आणि मामींचा माझ्यावरचा राग? (आधी गुडघ्याचं कळवा, तो बरा होण्यासारखा आहे.)

आपल्या त्रिशलाच्या साखरपुड्याचे फोटो कुठं अडलेत असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी 'फोटो छापायचा पेपर संपलाय' म्हणून सांगितलं. पेपर ढीगभर पडलाय. निपाणीच्या आज्जींना आजारपणामुळं साखरपुड्याला येता आलं नाही, आणि नातसून फोटोत बघितल्याशिवाय त्या लग्नाची तारीख धरू देत नाहीत, हे अख्ख्या हुपरीला ठाऊक आहे, मलाही आहे. म्हणून आता खरं काय ते लिहितो.

आमच्या फोटोग्राफर मंडळानं स्पर्धा ठेवली. विषय, 'खळाळता प्रवाह'. चैत्रात! (अध्यक्षांचा नदीशी संबंध फक्त नळापुरता.) चैत्रात आपली नदी दोन बंधाऱ्यांच्या मधे म्हशीसारखी बसून असते. पण गेल्या साली त्या सयाजीनं स्वतःच्या शेळीचा फोटो लावून बक्षीस नेलं होतं, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं. तुमच्या गावाखालच्या बंधाऱ्यावर केरबाला गाठलं. खालच्या गावांना पाणी सोडायचं म्हणून तो बरगे, म्हणजे त्या अडवायच्या फळ्या, काढणार होता. जरा ऊन चढू दे म्हटलं तर म्हणतो, "पावणं, पानी फोटूसाठी थांबत न्हाय." आणि खरंच थांबलं नाही. बरगे निघाले आणि खडकांवरून पाणी असं उसळलं, की माझी चप्पल, स्टँडचा एक पाय आणि मामींनी सकाळी दिलेला डबा कर्नाटकाकडं रवाना झाले. मी मात्र गुडघाभर पाण्यात उभा राहून (आता माझाही दुखतो, तुम्ही तेल कुठलं लावता?) सबंध रोल संपवला. असे फोटो मी जन्मात काढले नव्हते.

हे मात्र शब्दशः खरं निघालं. धुताना सोपं जावं म्हणून रोल गुंडाळताना फिल्मच्या टोकाची शेपटी जरा बाहेर ठेवायची माझी सवय. शेपटी बाहेर असली की वापरलेला रोलसुद्धा कोरा दिसतो. मी कोरा समजून घातला तो साखरपुड्याचा होता.

रागावू नका मामा, निदान वाचून होईपर्यंत तरी. आता एकाच फोटोत साखरपुडा आणि नदी दोन्ही आहेत. व्याही पेढा भरवताहेत आणि त्यांच्या छातीवरून लोंढा चाललाय. तुमच्या फेट्यावर धबधबा आहे. उपाध्ये कमरेखाली नाहीतच. मामी काहीतरी बोलताहेत, तिथं नेमकी पाण्याची सगळ्यात जोराची धार आलीय (कॅमेरा तेवढा खरं बोलला). एका फोटोत मात्र नदीतला काळा खडक बरोबर त्रिशलाच्या जागी आला, आणि काळ्याचं फिल्मवर काही उमटत नाही, म्हणून ती तेवढी स्वच्छ उमटलीय, कोरडी ठणठणीत, हसत. ते बघून मला रडू आलं हो. माझ्यापायी पोरीचं लग्न अडलं.

घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो, मामींच्या जरा लांबूनच.

तुमचा भाचा,
धनपाल

ता. क. : आता मुद्द्याचं. येत्या रविवारी साखरपुडा परत करू या. त्याच साड्या, तोच फेटा, पेढे माझ्याकडून. मामींना फोटोपुरतं हसायला सांगा.

ता. क. २ : पत्र टाकायचं राहिलं आणि मधेच घोटाळा झाला. मी जेवायला गेलो असताना तुमचे होणारे जावईबापू दुकानात आले, आणि आमच्या हिनं फोटोंचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. दोन दिवस मी फोन वाजला की दचकत होतो. आज निपाणीहून आलाच. आज्जींनी तो खडकाचा फोटो भिंग लावून बघितला आणि म्हणाल्या, "सगळी वाहून चालल्यात, ही तेवढी हसत हुबी हाय. आमच्या घरात हीच टिकंल. धरा तारीख!"

ता. क. ३ : तेव्हा रविवारचं रद्द. फक्त आज्जींना लग्नाचे फोटोही अगदी अस्सेच पाहिजेत. मुहूर्त काढायला बसाल तेव्हा उपाध्यांच्या शेजारी केरबालाही बसवा, बरगे कधी काढतोय ते विचारून घ्या.