दोन दिवसांचे पाणी

आबा, तुम्ही बांधलेले गुरुजींचे घर परवा पाडले. त्या जागेवर चौदा मजली इमारत उभी राहणार आहे. ती बांधणाऱ्या कंपनीच्या कचेरीत मी नोकरीला असल्यामुळे पाडकामाच्या वेळी हजर राहण्याचे काम माझ्याकडे आले. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षे झाली. या काळात कोल्हापूर आडवे वाढायचे थांबून उभे वाढू लागले आहे. पूर्वी कुणाच्याही गच्चीवर गेले की जोतिबाचा डोंगर दिसे. आता त्यासाठी नवव्या मजल्यावर जावे लागते. याचे मला दुःख आहे असे नाही. माणसांना जागा हवी आणि जमीन आहे तेवढीच आहे. माझी चूलही या इमारतींवरच पेटते.

स्लॅबच्या दिवशी आता घमेल्यांची रांग लागत नाही. काँक्रीट तयार होऊन गाडीतून येते आणि पंपाने वर चढते. नव्या स्लॅबवर पाणी मात्र अजूनही रोज मारावे लागते. त्याची नोंदवही मी तपासतो: तारीख, मजला, वेळ, सही. गेल्या महिन्यात एका सुपरवायझरने दोन दिवसांच्या सह्या एकाच बैठकीत केल्याचे माझ्या लक्षात आले. मी त्याला कामावरून काढायला लावले. त्याने हेल्मेट टेबलावर ठेवले आणि तो गेला. त्यानंतर बराच वेळ मी ती वही उघडली नाही.

गुरुजींचे घर हे तुमचे पहिले दुमजली काम. वरचा स्लॅब उन्हाळ्यात टाकला. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुट्टी होती. तुम्ही शिरोळच्या कामावर निघालात. गुरुजी कुटुंबासह गावी गेलेले. स्लॅबवर वाळूची आळी करून, पाणी तुंबवून तुम्ही मला उभे केलेत आणि म्हणालात, "सिमेंटला तान लागली तर ते मागत न्हाय, तडकतंय. दिसातनं तीनदा बघायचं. ध्येनात ऱ्हाईल न्हवं?" मी मान हलवली. अकरा दिवस मी ते चोख केले. बाराव्या आणि तेराव्या दिवशी आपल्या पेठेच्या तालमीच्या संघाचे फुटबॉलचे सामने होते, उपांत्य आणि अंतिम. मी सकाळीच मैदानावर गेलो. चौदाव्या दिवशी आळी कोरडी ठणठणीत होती, आणि कोपऱ्यापासून मध्यापर्यंत एक भेग गेली होती.

तुम्ही परत आल्यावर त्या भेगेशेजारी उकिडवे बसलात. गावाहून परतलेले गुरुजी म्हणाले, "अहो मिस्त्री, केसाएवढी तर आहे. एवढं काय मनाला लावून घेता?"

"वरनं केसाएवढी दिसत्या, गुरुजी. आत किती गेल्या, त्ये तुमास्नी बी दिसत न्हाय आनि मला बी."

मग माझ्याकडे न बघताच तुम्ही विचारलेत, "पानी रोज मारलंतस?"

"होय, आबा."

"मग माल कालवनाऱ्या माज्या हातातच खोट हाय."

एवढेच. तुम्ही गिलाव्याने भेग बुजवलीत आणि त्यानंतर एकही स्लॅब घेतला नाहीत. पुढची चौदा वर्षे कंपाउंडच्या भिंती, फरश्या, ओटे. शहर वर चढू लागले होते. तुमच्या हाताखाली शिकलेली माणसे पाच-पाच मजल्यांची कामे घेऊ लागली. ती बोलवायला येत, चहा घेत. तुम्ही म्हणत, "न्हाय बाबा, आपला हात जमिनीवरचा." ती सगळी थट्टा समजून हसत. मी चहाचे कप आत नेत असे.

परवा त्या स्लॅबवर यंत्राचा ब्रेकर अर्धा दिवस आपटत होता. चालक घाम पुसत खाली उतरला आणि म्हणाला, "कुठल्या मिस्त्रीचं काम म्हणायचं हे, पावणं? यंत्राचं दात जायाची पाळी आली की!" अखेर तुकडा पडला. बुजवलेली भेग त्यात बरोबर आडवी कापली गेली होती. मी खिशातली पट्टी काढून मोजली. स्लॅबची जाडी साडेचार इंच, भेगेची खोली आठ मिलिमीटर. त्याखाली सळीपर्यंत आणि सळीच्या पलीकडे काँक्रीट अखंड होते. तुमच्या हातात खोट नव्हती, आबा. तुम्ही हवे तितके मजले चढू शकला असतात.

हा कागद कुठे पाठवायचा, हा प्रश्न नाही. तो पाणी मारल्याच्या त्याच नोंदवहीत घडी करून ठेवणार आहे. फक्त एक सांगायचे राहिले. चालकाने विचारले तेव्हा मी म्हणालो, "असेल कुणीतरी जुना गवंडी." 'माझ्या वडिलांचे काम' म्हणालो असतो, तर तुकडा पडल्यावर त्याने भेगेचे विचारले असते, आणि मला ते दोन दिवस सांगावे लागले असते.